डोळेवाले काका : दुकानातला रंग, जागलीतली सावली आणि न दिसलेली बंडी

गेल्या अंकात मोतीबिंदूवर लिहिलं, तर पत्रांचा ओघ भलतीकडंच वळला. नंबर, थेंब, ऑपरेशन विचारणारे थोडे. ‘काका, असं काहून दिसते?’ म्हणून विचारणारे जास्त. मला बरं वाटलं. ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून नोकरी झाली, पण त्या सगळ्या काळात माणसं तक्त्यावरची अक्षरं वाचायची आणि चिठ्ठी घेऊन चालू पडायची. दिसण्याबद्दल बोलायला ना त्यांना सवड, ना मला. (पत्रात ‘डॉक्टरसाहेब’ लिहिणाऱ्यांना पुन्हा एकदा : मी डॉक्टर नाही. गावातली पोरं डोळेवाले काका म्हणतात, तेच चालू द्या.)

उत्तरं वाचताना एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे निम्मी तुमची तुम्हालाच सापडतील : डोळा मोजत नाही, ताडून पाहतो. याच्याशी शेजारचं, आधीच्याशी आत्ताचं, डाव्याशी उजवं.

प्रश्न : लेकीच्या डोहाळजेवणासाठी हिरवी साडी घेतली. ब्लाऊजपीस दुकानातच तिच्यावर ठेवून, अगदी जुळवून घेतला. घरी अंगणात पाहिलं तर एक पोपटी अन् दुसरं शेवाळी. दुकानदार म्हणतो, ‘बाई, माल तोच आहे.’ त्यानं फसवलं का?
— दारव्हा तालुक्यातून एक ताई

ताई, बहुतेक नाही फसवलं. माल तोच आहे, उजेड बदलला.

डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकू पेशी ६० लाखांच्या घरात असतात, पण त्यांच्या जाती तीनच. एकीला तांबड्या-पिवळ्या बाजूचा उजेड जास्त जाणवतो, दुसरीला हिरव्या बाजूचा, तिसरीला निळ्या बाजूचा. आणि यातली प्रत्येक पेशी फक्त ‘किती’ एवढंच कळवते, ‘काय’ ते नाही. तराजूच्या काट्याला दोन किलो तूर आणि दोन किलो चणा सारखाच, तसं. तुमची साडी रेशमी, ब्लाऊजपीस बहुधा पॉलिस्टर. दोन्हींचे रंग वेगवेगळ्या रसायनांचे, त्यामुळे त्यांच्यावरून परतणारा उजेडही वेगवेगळ्या मिसळीचा. पण दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तिन्ही जातींचे आकडे दोन्ही कापडांना सारखे आले, की मेंदू म्हणतो, जुळलं. ट्यूबच्या उजेडात काही पट्टे ठसठशीत असतात, काही जवळजवळ नसतातच. उन्हात सगळेच असतात. अंगणात आल्यावर एका कापडाचा आकडा एकीकडं सरकला, दुसऱ्याचा दुसरीकडं.

कापड दुकानाच्या पायरीवर आणून उन्हात धरणाऱ्या बाया पाहून सेल्समन तोंड वाकडं करतो. करू द्या. कार्यक्रम रात्रीचा असेल तर मात्र घरच्या दिव्याखालीही एकदा पाहून घ्या, कारण पाहुण्यांना उन्हातला रंग दिसणारच नाही.

खरं नवल उलटं आहे. उजेड इतका बदलतो तरी बहुतेक वस्तूंचे रंग आपल्याला बदललेले वाटत नाहीत. घरात भरून ठेवलेला कापूस भर दुपारीही पांढरा आणि पिवळ्या बल्बखालीही पांढराच, जरी रात्री त्याच्यावरून डोळ्यात शिरणारा उजेड चांगला पिवळा असतो. मेंदू खोलीतल्या साऱ्या वस्तूंकडं मिळून पाहतो, उजेडाचा पिवळेपणा हिशेबातून वजा करतो आणि मग रंग सांगतो. २०१५ साली एका झग्याचा फोटो मोबाईलवरून जगभर फिरला होता, आठवत असेल. कुणाला निळा-काळा दिसे, कुणाला पांढरा-सोनेरी. घराघरांत भांडणं. झगा निळा-काळाच होता. फोटोत आजूबाजूचं एवढं थोडं होतं, की उजेड कसला ते ठरत नव्हतं, आणि ज्याच्या मेंदूनं जो उजेड धरला त्याला तसा झगा दिसला.

जाता जाता, संत्रेवाल्यांच्या जाळीबद्दल. आंबिया बहाराचं नागपुरी संत्रं सालीनं हिरवट असलं तरी आत गोड असू शकतं, पण गिऱ्हाईक सालच पाहतं. म्हणून केशरी-लाल जाळी. बारीक धाग्याचा रंग मधल्या सालीवर सांडल्यासारखा दिसतो आणि फळ जास्त पिकलेलं वाटतं. फळ जाळीबाहेर काढून पाहायला बंदी नाही.

प्रश्न : जागलीला, म्हणजे रात्री पिकाच्या राखणीला, मचाणावर बसलो की धुऱ्याकडं काहीतरी हलते, असं डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसते. सरळ नजर लावली की गायब. नजर हटवली की पुन्हा हजर. म्हातारे म्हणतात चकवा आहे, तिकडं पाहू नको. खरं काय?
— घाटंजी तालुक्यातला एक शेतकरी

भाऊ, बहुतेक रानडुक्कर आहे. चकवा तुरीच्या शेंगा खात नाही.

पण तुम्ही दिसण्याचं जे वर्णन केलं आहे ते इतकं नेमकं आहे, की विद्यार्थ्यांना शिकवायला घ्यावं. पडद्याच्या अगदी मधोमध एक बारीक खळगा असतो. वाचताना, सुईत दोरा ओवताना, माणसाचा चेहरा ओळखताना आपण तो खळगा त्या वस्तूवर रोखतो. तिथं शंकू पेशी दाटीवाटीनं बसलेल्या असतात, आणि शंकूंना भरपूर उजेड लागतो. मिणमिणत्या उजेडात काम करतात त्या दुसऱ्या, दंड पेशी. त्या १२ कोटींच्या आसपास आहेत, पण खळग्याच्या मध्यात एकही नाही. म्हणजे अमावास्येच्या रात्री तुम्ही जिथं नजर रोखता, नेमके तिथंच आंधळे असता. दंड पेशींची सगळ्यात जास्त दाटी मध्यापासून १५ ते २० अंश बाजूला असते. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश व्यापते. तेव्हा संशय असेल त्या जागेच्या दीड मूठ बाजूला पाहा आणि लक्ष मात्र जागेवर ठेवा. अंधुक तारे पाहणारे लोक दुर्बिणीतून असंच तिरकं पाहतात. रंग कळणार नाही, सुळे कळणार नाहीत; हललं की नाही ते मात्र कळेल.

दुसरं, तुमच्या बॅटरीचं. अंधाराला डोळा पुरता सरावायला अर्धा तास तरी लागतो. दंड पेशींत जांभळट रंगाचं एक द्रव्य असतं, ते उजेडानं विरतं आणि अंधारात सावकाश पुन्हा तयार होतं. मिनिटभर मोबाईल पाहिला की अर्ध्या तासाची कमाई गेली. गडद तांबडा उजेड दंड पेशींना जवळपास जाणवतच नाही, म्हणून बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागद बांधा. पायाखालचं दिसेल आणि डोळा बिघडणार नाही. जागलीवर व्हिडिओ पाहत बसणाऱ्या पोरांचं तर मी काय सांगू? डुकरांनी शेत नांगरून काढलं तरी त्यांना सकाळीच कळणार.

मिरची लावली असेल तर एक गंमत पाहा. दुपारी पिकलेली लाल मिरची पानांतून झळकते, पानं मळकी वाटतात. सूर्य बुडाल्यावर बांधावरच बसून राहा. लाल मिरची काळी पडत जाते आणि पानंच उजळ वाटायला लागतात. त्या वेळी काम शंकूंकडून दंडांकडं जात असतं, आणि दंडांना निळा-हिरवा उजेड अधिक जाणवतो. यान पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञानं हे फुलांवर पाहिलं आणि १८२५ मध्ये लिहून ठेवलं.

एक मात्र ध्यानात असू द्या. दिवेलागणीलाच कुणी ठेचकाळायला लागलं, लहान मूल किंवा गरोदर बाई संध्याकाळी चाचपडायला लागली, तर तो चकवा नाही आणि दंड पेशींची गंमतही नाही. तो रातआंधळेपणा. ते जांभळट द्रव्य बनायला अ जीवनसत्त्व लागतं, बहुधा तेच कमी पडलेलं असतं. सरळ दवाखाना गाठा.

प्रश्न : वाघ एवढा केशरी असतो, तरी रोह्याला (नीलगाईला) दिसत कसा नाही?
— पांढरकवडा भागातला सातवीचा विद्यार्थी

प्रश्न : मुलाला लाल मिरची तोडायला पाठवलं की निम्म्या हिरव्या घेऊन येतो. त्याचे बाबा म्हणतात, तो मुद्दाम करते, कामाचा कंटाळा. आता बारावीला आहे, रेल्वेत ड्रायव्हर व्हायचं म्हणतो.
— भिवापूर तालुक्यातून एक आई

ही दोन पत्रं एकाच लिफाफ्यात यायला हवी होती.

बाळ, आपल्याला शंकूंच्या तीन जाती, रोह्याला आणि चितळाला दोनच. तांबडं आणि हिरवं वेगळं काढायला लांब लहरींची (तांबड्या-पिवळ्या बाजूची) आणि मधल्या लहरींची (हिरव्या बाजूची) जात एकमेकींशी ताडून पाहावी लागते. त्यांच्याकडं या दोन्हींच्या जागी एकच. त्यामुळं टिपेश्वर अभयारण्याच्या गवतात बसलेला वाघ त्यांना गवताच्याच रंगाचा. पट्ट्यांनी उरलासुरला आकार मोडतो. मग वाघ हिरवाच का झाला नाही, असं तू पुढं विचारशील. सस्तन प्राण्यांच्या केसांत दोनच प्रकारची रंगद्रव्यं असतात, एकानं काळा-तपकिरी रंग येतो, दुसऱ्यानं तांबूस-पिवळा. हिरव्याची सोयच नाही. आणि हरणाला केशरी म्हणजे हिरवंच, तर वाघाचं अडलंय कुठं? मात्र झाडावरच्या वानराला आपल्यासारख्याच तिन्ही जाती असतात. वाघ निघाला की आधी वानर खेकसतं आणि खालची चितळं शेपट्या उभारतात, त्यात वानराच्या उंच जागेचा वाटा आहे तसा डोळ्याचाही आहे. बैलही दोन जातींवालाच, तेव्हा लाल कापड पाहून बैल बिथरतो हे सिनेमातलं. तो फडफडण्याला बिथरतो.

आता आईंना. तुमचा मुलगा कंटाळा करत नाही. त्याच्या डोळ्यात लांब किंवा मधल्या लहरींची जात एकतर नाही, किंवा असून दुसरीच्या फार जवळ सरकलेली आहे. त्याला लाल मिरची आणि हिरवी मिरची एकाच कुळातल्या मातकट रंगाच्या दिसत असणार. युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरात ८ जण असे असतात, बायकांत दोनशेत एखादी. कारण या दोन जातींची जनुकं क्ष (एक्स) गुणसूत्रावर असतात. मुलाला ते आईकडून एकच मिळतं, बिघडलेलं आलं तर बदली नाही. मुलीकडं दोन असतात, एकावर भागतं. तुमच्या भावाला किंवा वडिलांना हळूच विचारून पाहा. पोरगं मामावर गेलेलं निघण्याची शक्यता बरीच आहे. यात तुमचा काही दोष नाही, हे त्याच्या बाबांना माझ्या नावानं वाचून दाखवा.

हा दोष पहिल्यांदा नीट लिहिला तो इंग्लंडच्या जॉन डाल्टननं, १७९४ मध्ये. अणूचा सिद्धांत मांडणारा तोच डाल्टन. त्याला वाटे, आपल्या डोळ्यातलं पाणीच निळं असावं. मेल्यावर डोळा फोडून पाहा, असं सांगून ठेवलं होतं. १८४४ मध्ये पाहिलं, पाणी स्वच्छ निघालं. पण डोळा जपून ठेवला होता. १९९५ मध्ये त्यातलं जनुक तपासलं तेव्हा कळलं, मधल्या लहरींची जात त्याला नव्हतीच.

रेल्वेचं मात्र स्पष्ट सांगतो. इंजिन चालवण्याच्या कामाला रंगदृष्टीची अट कडक आहे, आणि ठिपक्यांतून आकडा ओळखायच्या इशिहारा तक्त्यांवर हा मुलगा अडकेल. हे तक्ते १९१७ पासून चालत आलेत. पाठ करून काही पोरं पाहतात, पण पानांचा क्रम बदलला की पितळ उघडं. आणि असं करून पास झालाच, तर पुढं सिग्नल आहे. रंगीत काचेचे महागडे चष्मे विकणारे भेटतील. त्यांनी दोन रंगांतला फरक थोडा वाढतो, तिसरी जात उगवत नाही. आत्ताच सरकारी दवाखान्यात तपासून घ्या, म्हणजे बारावीनंतरची वाट डोळसपणे ठरवता येईल. बहुतेक कामांना ही अट नसते. आणि मिरची तोडायला त्याला पाठवू नका. त्याला पोती शिवायला द्या.

प्रश्न : बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डाव्याचं राहिलं आहे. छान दिसते म्हणतात, पण ओट्यावरून उतरताना चुकतात, कपात चहा ओतला तर बाहेर सांडतो. आणि एक अजब : नातवाचा पाळणा सरळ न झुलता गोल फिरते म्हणतात. डोक्यात तर काही झालं नाही ना?
— पुसदहून एक मुलगी

ताई, डोकं ठीक असावं. हे पत्र वाचून मी तर खुर्चीतून उठलोच, कारण पाळण्याची गोष्ट पेशंट सहसा सांगत नाहीत; लोक हसतील म्हणून गप्प बसतात.

दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं, म्हणून दोघांना चित्र किंचित वेगळं दिसतं. तो फरक ताडून मेंदू खोली काढतो. चार्ल्स व्हीटस्टननं १८३८ मध्ये दोन डोळ्यांना दोन वेगळी सपाट चित्रं दाखवून हे सिद्ध केलं, चित्रं उठून उभी राहिली. बाबांचा एक डोळा आता लख्ख आणि एक धुक्यात. ताडायला जोडीच नाही. कप, पायरी, सुई अशा हाताच्या अंतरातल्या गोष्टींत हा तोटा सगळ्यात जास्त जाणवतो.

पाळण्याचं कारण याहून मजेशीर. पडद्यावर उजेड कमी पडला की तिथून मेंदूकडं बातमी जरा उशिरा जाते. सेकंदाचा अगदी बारीक अंश, पण हलत्या वस्तूला तेवढं पुरतं. चांगल्या डोळ्याला पाळणा आत्ता जिथं आहे तिथं दिसतो, अंधुक डोळ्याला किंचित मागं. दोन डोळ्यांतला फरक म्हणजे खोली, असंच मेंदू धरून चालतो, म्हणून जाताना पाळणा जवळ आणि येताना लांब, किंवा उलट, असा लंबगोल फिरताना दिसतो. कार्ल पुल्फरिख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १९२२ मध्ये याचा उलगडा छापला. तो येनाच्या झाइस कारखान्यात होता, आणि त्याचा स्वतःचा एक डोळा गेलेला असल्यानं त्याला हे कधी दिसूच शकलं नाही.

तुम्हीही करून पाहा. दोऱ्याला नट बांधून दारातून लोंबकळत सोडा आणि समोरून आडवा झुलू द्या. एका डोळ्यापुढं काळ्या गॉगलची एकच काच धरा, दुसरा डोळा उघडा. दोन्ही डोळ्यांनी पाहा. नट गोल फिरायला लागेल. काच दुसऱ्या डोळ्यापुढं न्या, दिशा उलटेल. बाबांनाही दाखवा, म्हणजे त्यांची चिंता जाईल.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ‘एकानं भागते’ म्हणून लांबवू नका. तोवर ओट्याच्या कडेला चुन्याचा पट्टा ओढा, चहा ओतताना किटलीचं तोंड कपाला टेकवायला सांगा आणि रस्ता एकट्यानं ओलांडू देऊ नका. आडव्या जाणाऱ्या गाड्यांचं अंतरही पाळण्यासारखंच फसवतं. ज्यांचा एक डोळा कायमचा गेला आहे त्यांनी मात्र हिंमत सोडू नये. डोकं हलवलं की जवळचं झपकन सरकतं, लांबचं हळू, त्यावरूनही खोली कळते. मन्सूर अली खान पतौडींचा उजवा डोळा १९६१ च्या मोटार अपघातात निकामी झाला. त्याच वर्षी ते भारताकडून पहिली कसोटी खेळले आणि पुढच्या वर्षी कप्तान झाले.

प्रश्न : आमच्या आटाचक्कीच्या मोटरची पुली रात्री ट्यूबच्या उजेडात उलटी, अगदी सावकाश फिरताना दिसते. दिवसा नाही. मोटर बिघडली का?
— आर्णी तालुक्यातला चक्कीवाला

मोटर ठणठणीत आहे. धोका तुमच्या बोटांना आहे.

आपली वीज ५० सायकलची. चोकवाली ट्यूब त्यामुळं सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. डोळ्याला ते कळत नाही, तो सलग उजेड समजतो. तुमच्या मोटरवर १४४० आरपीएम (मिनिटाला तेवढे फेरे) लिहिलेलं असेल आणि पुलीला चार आरे असतील, तर एका जागेवरून सेकंदाला ९६ आरे जातात. प्रत्येक उजळण्याला आरा पुढच्या आऱ्याच्या जागेवर जवळजवळ पोचलेला असतो, जरासा कमी. मेंदू ताडतो आणि म्हणतो, हा तोच आरा, थोडा मागं सरकला. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं, तिथं टांग्याचं चाक उलटं फिरतं तेही असंच. आकडे अगदी जुळले तर पुली थांबलेलीच दिसेल, आणि थांबली समजून कुणी पट्ट्याला हात लावला तर बोटं जातात. स्वस्तातले काही एलईडीही असेच लुकलुकतात. चक्कीत एक जुना तारेचा बल्ब लावून ठेवा, त्याची तार तापलेली राहते, उजेड फारसा हलत नाही. आणि पुलीवर जाळी. जाळीला पर्याय नाही. ट्रॅक्टरवरच्या हडंब्याला (मळणीयंत्राला) रात्री ट्रॅक्टरचाच दिवा पुरतो, तो बॅटरीचा असल्यानं हा खेळ करत नाही. पण पट्टा तिथंही तितकाच निर्दय.

प्रश्न : सहस्रकुंडला धबधबा पाहत उभी होते. बाजूच्या खडकाकडं पाहिलं तर खडक वर चढायला लागला! मैत्रिणींनाही तसंच दिसलं. पाण्यात काही आहे का?
— उमरखेडहून एक कॉलेजकन्या

पाण्यात पैनगंगा आहे, बाकी काही नाही. मेंदूत खाली जाणारी हालचाल टिपणाऱ्या पेशी वेगळ्या, वर जाणारी टिपणाऱ्या वेगळ्या. खडक स्थिर म्हणजे दोघींची बरोबरी. मिनिटभर पाणी पाहून खालच्या थकल्या, वरच्यांचं पारडं जड झालं. रॉबर्ट ॲडम्सनं १८३४ मध्ये स्कॉटलंडच्या फॉयर्स धबधब्यावर हेच पाहून लिहिलं. नीट आठवून पाहा : खडक वर चढतो, पण वर पोचत मात्र नाही. हालचाल आणि जागा यांचा हिशेब मेंदूत वेगळा होतो, त्याचा हा पुरावा. १९८३ मध्ये जर्मनीतल्या एका बाईची केस छापली गेली, शास्त्राच्या पुस्तकांत तिला एल. एम. म्हणतात. मेंदूच्या आजारात तिची हालचाल दिसण्याचीच शक्ती गेली. रंग दिसे, वस्तू ओळखू येई. चहा ओतताना मात्र धार गोठलेली दिसायची, कप भरत आला हे कळायचंच नाही. रस्त्यावर मोटार आधी लांब दिसायची, मग एकदम अंगावर.

प्रश्न : चंद्र एसटीबरोबर का धावतो?
— इयत्ता चौथी, महागाव

कारण झाडं मागं पळतात. तू पुढं गेलास की जवळचं झाड झपकन मागं जातं, लांबचा डोंगर हळू जातो. चंद्र जवळपास चार लाख किलोमीटर लांब, तो मागं सरकतच नाही. सगळं मागं जातंय आणि एकजण खिडकीतच, म्हणजे तो बरोबर येतोय, असं मेंदू ठरवतो. एसटी थांबली की तोही थांबतो, पाहा.

प्रश्न : माझ्या भाच्यानं चौफुलीवर फटफटीनं बैलबंडीला धडक दिली. बैलाला लागलं, भाच्याचा हात मोडला. तो शपथेवर सांगते, ‘मामा, बंडी दिसलीच नाही.’ दिवस मावळायला वेळ होता, आडवं झाड नाही, झुडूप नाही. बैठकीत सगळे म्हणाले, खोटं बोलून राहिला. तुम्हीच सांगा, एवढी बंडी दिसत नाही म्हणजे काय?
— दिग्रस तालुक्यातून एक वाचक

भाऊसाहेब, नुकसानभरपाई बैठकीनं ठरवली ती द्याच. पण पोरगं खोटं बोलत असेलच असं नाही.

हात लांब करून अंगठ्याचं नख पाहा. नजर हलवली नाही, तर एका वेळी स्पष्ट दिसतं ते साधारण तेवढंच. बाकीचा देखावा पुसट असतो, आणि डोळा सेकंदाला तीनएक वेळा उडी मारून तुकडे गोळा करतो. उडी चालू असताना दिसणं मंद होतं. आरशात स्वतःच्या एका डोळ्याकडून दुसऱ्याकडं नजर फिरवा, डोळा हलताना तुम्हाला कधीच दिसणार नाही. शेजारी उभ्या माणसाला दिसेल. पुढची उडी कुठं मारायची हे ठरवायला कडेची नजर मदत करते, आणि कडेची नजर बोलावते ती मुख्यतः हलणाऱ्या गोष्टीकडं.

आता चौफुली डोळ्यापुढं आणा. एका रस्त्यानं फटफटी, दुसऱ्यानं बंडी. दोघं एकाच वेळी चौकात पोचणार असतील आणि आपापला वेग बदलत नसतील, तर फटफटीवाल्याला बंडी सारखी त्याच बाजूला, त्याच कोनात दिसत राहते. ती त्याच्या नजरेत डावी-उजवी सरकतच नाही. फक्त मोठी होत जाते, तीही सुरुवातीला इतकी हळू की कळू नये, आणि शेवटच्या क्षणी एकदम. जी गाडी धडकणार नाही ती नजरेत सरकते आणि दिसते. धडकणारीच स्थिर राहते. जहाजावरचे लोक हा नियम पाठ करून असतात, आपल्याकडं लायसन काढताना कुणी सांगत नाही. जीप-मोटारीत तर काचेच्या बाजूचा खांब अशी अख्खी बंडी शेवटपर्यंत झाकून ठेवतो.

लक्षाचं त्याहून वाईट. १९९९ मध्ये अमेरिकेत सायमन्स आणि शाब्री या दोघांनी लोकांना एक फिल्म दाखवली : काही पोरं चेंडू फेकतात, पांढऱ्या बनियनवाल्यांनी किती वेळा फेकला ते मोजा. मधेच गोरिलाचा वेश घातलेलं माणूस चालत येतं, छाती बडवतं, निघून जातं. निम्म्या लोकांना गोरिला दिसलाच नाही. डोळे उघडे, डोळ्याच्या पडद्यावर चित्र उमटलेलं, पण मेंदूनं घेतलं नाही. तुमचा भाचा खड्डे मोजत होता, की मनातल्या मनात कुणाशी भांडत होता, की खिशातल्या फोनला उत्तर देत होता, ते त्यालाच ठाऊक. फोन असेल तर हिशेब सोपा आहे : ताशी ६० च्या वेगानं दोन सेकंदांत फटफटी ३३ मीटर जाते, तेही न पाहता.

‘दिसली नाही’ हे खरं असलं तरी ते पांघरूण होत नाही. चौफुलीला वेग कमी केला की कोन बदलतो आणि स्थिर वाटणारी वस्तू सरकायला लागते. मान नुसती फिरवू नका, प्रत्येक बाजूला नजर क्षणभर टेकवा. फिरत्या मानेनं काही पाहिलं जात नाही. आणि बंडीवाल्यांना माझं वेगळं सांगणं आहे. मागच्या फळीला आणि दोन्ही बाजूंना रेडियमची पट्टी चिकटवा. फार खर्चाचं काम नाही. पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावता, झूल घालता, आणि वर्षभर बंडी अंधारात तशीच हाकता, हे मला कधी पटलं नाही.

पुढच्या अंकासाठी ‘पिवळा चष्मा घातला की रात्री गाडी चालवताना जास्त दिसते का’ हे वणीचं पत्र बाजूला ठेवलं आहे. चष्म्याचा नंबर पत्रातून विचारू नका, सांगता येत नाही. आणि डोळ्यात कुसळ गेलं असेल तर पत्र लिहीत बसू नका, बाप्पा, दवाखान्यात जा.